सोनेरी काठाचा कागद

सकाळचा पहिला फोन देवाचा, असा मदतवाल्या बाईंचा नेम होता. दुकान उघडलं, टेबल पुसलं, डोळे मिटून मनातल्या मनात दोन ओळी म्हणून झाल्या, की त्यानंतर जो पहिला फोन वाजेल त्याला 'सीडी आमच्याकडूनच घेतलीत ना' असं विचारायचं नाही. कोण का असेना, त्याची अडचण सोडवायची आणि खरं तेच सांगायचं. नऊ वर्षांत हा नेम मोडला नव्हता. अंगात ताप असतानाही नाही, आणि नवरा गेल्यावर दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशीही नाही.

त्या बुधवारी फोन वाजला आणि बाईंचा हात रिसीव्हरवर जाऊन तिथेच थिजला. टेबलाच्या खणात काल संध्याकाळी आलेलं एक पत्र होतं. त्या पत्रापायी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

फोन वाजतच राहिला. शेवटी बाईंनी तो उचलला.

"मदतवाल्या बाई ना? मी नर्सिंग शाळेच्या वसतिगृहाची वॉर्डन बोलतेय. तुमची सीडी आहे आमच्याकडे, पत्रं-बित्रं लिहायची. तर आम्हाला एका भल्या माणसाने चार जुने कॉम्प्युटर दिलेत. चालू आहेत हो सगळे! त्यांच्यावरही तुमचा हा प्रोग्रॅम घालता येईल का? सव्वीस मुली एका मशिनवर बसतात. पाळ्या लावून दिल्यात. शेवटची पोरगी बिचारी पेंगत पेंगत टाइप करते."

"घाला की," हे शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आले होते.

"पण तुमच्या त्या कागदावर लिहिलंय ना, फक्त एकाच संगणकावर म्हणून. म्हटलं विचारून घ्यावं. उगाच चोरीचा आळ नको. आमचा नंबर सांगू? एकशे अठ्ठावीस."

खणातल्या पत्रातही हाच आकडा होता. 'आपल्या दुकानाने दिलेला परवाना क्रमांक १२८ दोन ठिकाणी आढळला आहे,' असं नोंदणी कचेरीने लिहिलं होतं. 'खुलाशासाठी तपासनीस बुधवारी चार वाजता येतील. मूळ कंपनीचे अधिकारपत्र व परवान्यांची वही तयार ठेवावी. परवाना खोटा ठरल्यास पुढील कारवाई केली जाईल.'

आणि आज बुधवारी, सकाळी सव्वानऊला, कोणीतरी गोड आवाजात त्याच नंबरचं विचारत होतं. ही खरोखरची वॉर्डन, की तपासनिसानेच बसवलेलं कोणी? आपण 'घाला' म्हटलं आणि पलीकडे ते लिहून घेतलं गेलं तर?

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "कागदावर लिहिलंय तसंच."

"बरं बरं. विचारलेलं चांगलं. पाळ्याच चालू ठेवू मग. देव तुमचं भलं करो."

बाईंनी फोन ठेवला. देवाच्या फोनवर खोटं बोलणं झालं होतं, आणि वर पलीकडून आशीर्वाद मिळाला होता.

दुकान म्हणजे कागद-पेन्सिलीच्या दुकानावरची एक चिंचोळी खोली. दोन कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र, भिंतीला फळ्या, फळ्यांवर सीड्यांचे खोके. सीडीत पत्रं लिहायचा, तक्ते आखायचा प्रोग्रॅम. तो बाईंनी केलेला नव्हता. जगभरच्या हजारो अनोळखी माणसांनी मिळून तो केला होता आणि सगळ्यांसाठी मोकळा सोडला होता. कोणीही घ्यावा, वापरावा, त्याच्या प्रती काढाव्यात, दुसऱ्याला द्याव्यात, हवं तर विकाव्यात. बाई तो सीडीवर उतरवून देत, सोबत साध्या भाषेतली पुस्तिका देत, आणि अडलं की फोनवर मदत. लोक विकत घेत ते खरं म्हणजे बाईंचा न चिडणारा आवाज.

पण सुरुवातीला कोणी घेईना. "फुकटात मिळणारी वस्तू? म्हणजे काहीतरी गोम असणार," असं म्हणून गिऱ्हाईक जिना उतरायचं. एका कचेरीचा हेडक्लार्क तर म्हणाला होता, "बाई, परवाना कुठाय? नंबर पाहिजे, सही पाहिजे. त्याशिवाय मी साहेबांपुढे काय ठेवू, तुमचं हसू?"

मग एका दुपारी बाईंनी त्याच प्रोग्रॅममध्ये एक कागद तयार केला. भोवती सोनेरी वेलबुट्टीचा काठ, मधोमध ठसठशीत 'वापर परवाना', खाली क्रमांक आणि स्वतःची सही. एका महागड्या प्रोग्रॅमच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती, 'फक्त एकाच संगणकावर वापरण्यासाठी'. ती कागदाला वजन देते असं वाटलं म्हणून तीही उचलून घातली. दुसरं काही मनात नव्हतं. कागद सुरू झाला आणि विक्रीही सुरू झाली. लोक सीडी कपाटात ठेवत आणि कागद भिंतीवर लावत.

दहा वाजता वन्सं आल्या. वन्सं म्हणजे बाईंच्या नणंदबाई. छपाई, बांधाबांध आणि वही त्यांच्याकडे. जिना चढतानाच त्यांचं तोंड सुरू झालेलं असे.

"वहिनी, खालच्या दुकानदाराने पुन्हा सायकल आडवी लावलीय. एक दिवस मी तीच विकून टाकणार बघ, सोबत परवाना देऊन." मग त्यांचं वहिनीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "काय झालं? कोण गेलं?"

बाईंनी खण उघडून पत्र पुढे केलं. वन्संनी ते उभ्यानेच वाचलं आणि मग त्या बसल्या.

वही काढली. एकशे एक ते एकशे तीस, तीस नंबर नोंदणी कचेरीला गेलेले. एकशे अठ्ठावीस त्यातलाच. वसतिगृहाचा नंबर वहीत दोनशे अकरा होता.

"म्हणजे कागदावर चुकीचा छापला गेला," बाई म्हणाल्या.

वन्संनी कपाळावर हात मारला. "माझंच पाप गं. जुनीच फाइल उघडायची, नाव बदलायचं, नंबर बदलायचा. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. नाव बदललं आणि नंबर राहिला."

"तुमचं कसलं पाप, वन्सं. मुळात नंबर हवाच कशाला होता? या वस्तूला नंबर नसतोच."

"हे त्या तपासनिसाला सांगशील?"

बाईंनी प्रोग्रॅमच्या पोटातला खरा परवाना छापून घेतला. बारा पानं. नऊ वर्षं तो सीडीवर होताच, पण पुस्तिकेत त्यांनी कधी घातला नव्हता. ती कायद्याची भाषा बघून गिऱ्हाईक बिथरायचं. त्यांनी स्वतः तो पहिल्या वर्षी वरवर चाळला होता, 'विकता येईल' एवढं वाक्य सापडेपर्यंत. आज त्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. प्रती काढा. वाटा. विका. मदतीचे पैसे घ्या. प्रत्येक ओळीला जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. पाचव्या पानावर बोट थांबलं.

'ज्याला प्रत द्याल, त्याच्यावर या परवान्यात नसलेली कोणतीही अट घालू नका. घातलीत, तर वाटण्याचा तुमचा हक्क संपेल.'

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग पानं पालथी घातली, जणू ती पुन्हा दिसली नाही की खरी राहणार नाही.

म्हणजे नंबराचा घोटाळा हे काहीच नव्हतं. ती बारीक अक्षरातली शोभेची ओळ, तीच अट. सहाशे बेचाळीस कागदांवर तीच, आणि प्रत्येकाखाली त्यांची स्वतःची सही. ज्यांनी ही वस्तू केली त्यांनी ती सगळ्यांना दिली होती, आणि बाईंनी मध्ये उभं राहून तिला कुलूप घातलं होतं. सकाळी तर त्या कुलपाची किल्ली कोणी हात जोडून मागितली, तेव्हाही नाही म्हटलं होतं.

"वन्सं, हक्कच संपलाय आपला," त्या म्हणाल्या. "कधीचाच. हे दुकान आपलं नव्हतंच मग."

"काहीतरीच! थांब, मी बघते." वन्सं दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्या घाबरल्या की त्यांचे हात दुप्पट वेगाने चालत. "अधिकारपत्र पाहिजे ना त्याला? इथे कागद बनवायच्याच दुकानात बसलोय आपण. दहा मिनिटांचं काम."

"वन्सं, नको."

"तू फोन घे. वाजतोय."

फोनवर पेन्शनर काका होते. आठवड्यातून तीनदा त्यांचा फोन ठरलेला. "बाई, माझं पान पुन्हा आडवं झालंय. मी मान वाकडी करून वाचतोय सकाळपासून. आता मान पण तशीच राहिलीय."

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांना मेनूतले साधे शब्दही आठवेनात. "काका, मी... मी नंतर करते हं तुम्हाला फोन," त्या म्हणाल्या. असं त्या आजवर कोणाला म्हणाल्या नव्हत्या.

"बाई, बरं आहे ना सगळं?"

"हो हो," बाई म्हणाल्या आणि हे दिवसातलं दुसरं खोटं झालं.

छपाईच्या यंत्रातून कागद बाहेर आला. वन्संनी तो उंच धरला. वर लिहिलं होतं, 'अखिल जागतिक कार्यालय प्रणाली महामंडळ'. खाली निळा गोल शिक्का, त्याच्या मधोमध पृथ्वीचा गोळा.

"सही कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझीच. डाव्या हाताने केलीय. महासंचालकांची सही अशीच असते, कोणाला न कळणारी." वन्संना हसू आलं, पण अर्ध्यावरच विरलं. "आणि वहीत एकशे अठ्ठावीस कचेरीच्या नावावर आहेच. कागद दाखवायचा, वही दाखवायची, गप्प बसायचं. वहिनी, मला या वयात दुसरं कोण काम देणार आहे?"

बाईंनी तो कागद हातात घेतला. इतका खरा दिसत होता की त्यांना आणखीच भीती वाटली.

चारला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी, मध्ये थांबा, पुन्हा एक पायरी. वन्संनी अधिकारपत्र चटकन टेबलावर, वहीच्या वर मांडून ठेवलं.

तपासनीस चणीने बारीक होते. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात कापडी पिशवी. ओरडणारा माणूस असता तर बाईंना बरं वाटलं असतं. हे फार हळू आणि फार आदराने बोलले.

"बसू ना? त्रास देतोय." त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींना सोनेरी काठ, दोन्हींवर १२८. "हा आमच्या कचेरीतला. आणि हा नर्सिंग वसतिगृहाने त्यांच्या सामानाच्या यादीला जोडला होता. ती यादी आमच्याकडे नोंदायला आली म्हणून दिसलं."

म्हणजे सकाळची वॉर्डनबाई खरी होती. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"प्रश्न साधा आहे," तपासनीस म्हणाले. "एक नंबर, दोन कागद. एक तर तुम्ही खोटा कागद दिलात, नाही तर वसतिगृहाच्या बाईंनी आमच्या कागदाची नक्कल मारली. अहवालात एकीचं नाव लिहावं लागेल. तुमची वही काय म्हणते?"

वन्संनी वही उघडली. बोट एकशे अठ्ठावीसवर ठेवलं. "कचेरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली गेला. पुढे काय होणार ते त्यांनाही त्याच क्षणी दिसलं असावं.

"आणि हे अधिकारपत्र?" तपासनिसांनी चष्मा डोळ्यावर चढवून कागदाकडे हात नेला.

काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. कागद खरा दिसत होता, वही खरी दिसत होती. चोर ठरली असती ती पलीकडची बाई, जी सकाळी म्हणाली होती, उगाच चोरीचा आळ नको.

बाईंनी तपासनिसांच्या बोटांखालून तो कागद ओढून घेतला. त्यांनी तो मधोमध फाडला, मग पुन्हा फाडला.

"हे आज दुपारी इथेच केलंय," त्या म्हणाल्या. "असं महामंडळ नाही. आणि तुमच्यापुढचे ते दोन्ही कागदही खोटे आहेत. एक नाही, दोन्ही. सहाशे बेचाळीस सगळे. वॉर्डनबाईंनी काही केलेलं नाही, नंबर आमच्याकडून चुकला. त्यांचं नाव लिहू नका हो."

"वहिनी!" वन्सं म्हणाल्या.

तपासनिसांनी खिशातून पेन्सिल काढली. "म्हणजे आमच्या कचेरीत तीस मशिनवर चोरीचा माल आहे?"

"नाही! माल खरा आहे. कागद खोटा आहे." बाईंनी ती बारा पानं त्यांच्यापुढे ठेवली. "खरा परवाना हा. याला नंबर नाही, सही नाही. तो सगळ्यांसाठी एकच आहे. पाचवं पान वाचा. माझं काय होणार ते तिथे लिहिलंय."

तपासनीस वाचू लागले. पाचव्या पानापासून नाही, पहिल्यापासून. प्रत्येक ओळीखाली पेन्सिल सरकत होती. घड्याळाचा काटा पुढे जात होता. खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी दार ओढलं, बाई दचकल्या. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या, नवीन लग्न झालेल्या सुनेसारख्या मुकाट. बाईंना वाटलं, हे पान उलटायला इतका वेळ का लावतात. मग वाटलं, लावू देत, उलटूच नयेत.

पाचव्या पानावर पेन्सिल थांबली. "हं," तपासनीस म्हणाले.

त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही इथवरच वाचलंत?"

बाईंनी मान हलवली.

"पुढे वाचायचं की. आम्ही आयुष्यभर तेच करतो, कोणी वाचत नाही ते वाचतो." त्यांनी पान उलटलं आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "'चूक थांबवली, आणि कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली, तर हक्क परत मिळेल.' कधी कळली तुम्हाला?"

"आज. साडेअकराला."

"मग आजपासून मोजा." त्यांनी दोन्ही सोनेरी कागद पिशवीत ठेवले. "पण एक सांगतो. हा झाला प्रोग्रॅम करणाऱ्यांचा परवाना. आमच्या कचेरीची गोष्ट वेगळी. दुकानाने बनावट परवाने दिले, असं मी लिहिणार. अशा परवान्याची गरजच नव्हती, हेही लिहिणार. वसतिगृहाचा दोष नाही, तेही. आणि हे," त्यांनी टेबलावरच्या तुकड्यांकडे पाहिलं, "मी ते वाचलेलं नाही, म्हणून लिहिता येणार नाही. पुढे काय ते वरचे ठरवतील. कचेरीचं काम तुमच्याकडे राहीलच असं समजू नका."

"कधी कळेल?"

"ते मलाही कधी कळत नाही," तपासनीस म्हणाले आणि आले तसे, एकेक पायरी थांबत, उतरून गेले.

वन्सं खाली बसल्या. "लिहिणार म्हणतोय, बनावट. वहिनी, आता गावभर होईल. उद्यापासून कोण घेईल आपल्याकडून?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. भीती गेलेली नव्हती. त्यांनी फोनवर सकाळचा पहिला नंबर शोधला आणि लावला.

"वॉर्डनबाई, मी मदतवाली. सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चुकीचं नाही, खोटं सांगितलं. चारही मशिनवर घाला. आणखी मिळाली तर त्यांवरही घाला. मुलींना घरी न्यायचं असेल तर प्रती काढून द्या. कोणाला विचारायचं कारण नाही. मलाही नाही."

पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला. "अगं बाई! मग तो कागद?"

"फाडून टाका."

"तो कसा फाडू? काच लावून घेतलीय त्याला. मुली परीक्षेला जाताना त्याच्यासमोर उभ्या राहून केस नीट करतात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "दोन वर्षं पाळ्या लावल्या हो आम्ही. एका पोरीचा अर्ज राहिला त्यात."

'चुकलं' एवढंच बाई म्हणाल्या, आणि तेही अर्धवट ऐकू गेलं असावं. वॉर्डनबाईंनी या वेळी आशीर्वाद दिला नाही. "बरं, घालते," एवढंच म्हणून फोन ठेवला.

वन्संनी न सांगता वही पुढे ओढली, पहिलं पान उघडलं, आणि एका कोऱ्या कागदावर रकाना आखला. "तीस दिवस, सहाशे एक्केचाळीस कागद," त्या पुटपुटल्या. "रोजचे बावीस. मी अर्धे घेते. पण मला तुझ्यासारखं गोड बोलता येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"खरं बोला, तेवढं पुरे."

बाईंनी क्रमाने सुरुवात केली नाही. आधी एक राहिलेला फोन होता.

"काका, मदतवाली. एक सांगायचंय. तुम्हाला दिलेला तो सोनेरी कागद खोटा होता. हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी मोकळा आहे, कितीही मशिनवर घाला, कोणालाही द्या. मी तुमच्यावर नसती अट घातली होती. तुम्हाला सीडी परत करायची असेल तर..."

"थांबा थांबा," पेन्शनर काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "म्हणजे दुकान बंद करताय का? फोन बंद होणार?"

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की भीती एकट्या त्यांनाच वाटत नव्हती.

"आज तरी चालू आहे, काका."

"मग कागदाचं राहू द्या बाजूला. आधी माझं पान सरळ करा. मान गेली माझी."

बाईंनी डोळे मिटले. आवाज नेहमीसारखा आला.

"वरती डावीकडून दुसरा शब्द दिसतोय का? त्याच्यावर टिचकी मारा. घाई नाही. मी आहे."